इंजिन बसवायच्या साधनांची देखभाल: गोव्यातल्या वर्कशॉपमध्ये नव्याने रुजू झालेल्यांसाठी

वेर्णा किंवा कुंडईच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये तुम्ही रुजू होता आणि पहिल्याच आठवड्यात फोरमन एक पिवळी चौकट पुढ्यात आणून ठेवतो: "ही आजपासून तुझ्याकडे." दिसायला ती रंगवलेली लोखंडी घोडीच. खाली चार चाकं, बाजूला दोन हँडव्हील, वर एक गोल कडं आणि कडेला लाल फीत बांधलेली पिन. अवकाशयानाला इंजिन जोडतात तेव्हा ते इंजिन या घोडीवर तोललेलं असतं.

जोडणी इथे होत नाही. ती बेंगळुरूला, महेंद्रगिरीला किंवा श्रीहरीकोट्याला होते. पण इंजिन उचलायची दांडी, ट्रॉली, कडं ही साधनं वर्कशॉपमध्ये बनतात, वापरून परत येतात, धुऊन-तपासून पुन्हा रवाना होतात. हा लेख त्या मधल्या कामाबद्दल आहे. गोव्यात हे काम करताना दोन गोष्टी नडतात. एक खारी हवा. दुसरी 'एवढंसंच तर बदललं' ही सवय, आणि ती खाऱ्या हवेपेक्षा वाईट.

१. आधी साधन ओळखा

भारतीय उपग्रहांची कक्षा उंचावण्यासाठी ४४० न्यूटन रेट्याचं द्रवइंधन इंजिन वापरतात. ते एकट्या माणसाला उचलता येतं. चांद्रयान-३ च्या लँडरला ८०० न्यूटनची चार इंजिनं होती. रॉकेटचं 'विकास' नावाचं इंजिन सुमारे ८० टनांचा रेटा देतं, ते क्रेनशिवाय जागचं हलत नाही. आकार कितीही वेगळे असले तरी साधनाचे भाग तेच असतात:

- उचलदांडी, म्हणजे स्प्रेडर बीम. तिला स्लिंग (उचलायचे दोर किंवा पट्टे), शॅकल (पिन घालून बंद होणारी यू-आकाराची कडी) आणि फिरती उचल-कडी
- क्रेनचा हुक आणि स्लिंग यांच्यामध्ये लोडसेल, म्हणजे भार मोजणारं उपकरण
- इंजिनाच्या फ्लँजला (बोल्टची भोकं असलेल्या काठाला) बोल्टने बसणारं अडॅप्टर कडं
- ट्रॉली: उंची, कल आणि आडवं सरकणं यांसाठी जॅक नि स्क्रू
- फ्लँजची भोकं जुळवणाऱ्या वाटाड्या पिना
- नॉझलचं झाकण आणि इंजिनाला टेकणारे मऊ पॅड

यातल्या दोन भागांकडे नवे लोक दुर्लक्ष करतात, म्हणून तेवढे नीट बघा.

पहिला भाग, वाटाड्या पिना. त्या सहसा दोन असतात, एक पूर्ण गोल आणि दुसरी दोन बाजूंनी तासलेली, जिला शॉपमध्ये डायमंड पिन म्हणतात. दोन्ही गोल असत्या तर दोन भोकांमधल्या अंतरात केसभर फरक पडला तरी कडं अडकलं असतं. डायमंड पिनची तासलेली बाजू गोल पिनेच्या दिशेने असायला हवी. ती ९० अंश फिरवून बसवली की फायदा गेला, आणि कडं अर्ध्यावर जाऊन अडतं. अशा वेळी 'पिन ढिली वाटते' म्हणून तिच्या जागी नवी गोल पिन खरादून घालणारे भेटतात. त्यांना थांबवा. पिनांची लांबीही मुद्दाम वेगळी ठेवलेली असते. लांब पिन आधी शिरते, मग छोटी, म्हणजे माणसाला एका वेळी एकच भोक सांभाळावं लागतं. घासून घासून दोन्ही सारख्या लांबीच्या झाल्या असतील तर बदला.

दुसरा भाग, मऊ पॅड. ४४० न्यूटनच्या इंजिनाचा जळणकक्ष कोलंबियम मिश्रधातूचा असतो आणि त्यावर सिलिसाइडचा थर असतो. हा थर ठिसूळ असतो. त्याचा टवका उडाला तर तापल्यावर आतला धातू हवेतल्या ऑक्सिजनशी भिडतो आणि झपाट्याने खाल्ला जातो. म्हणून धातूला धातू टेकू नये यासाठी पॅड असतात. ड्रॉइंगमध्ये ते ॲसिटालचे किंवा टेफ्लॉनचे लिहिलेले असतात. बाजारात नायलॉनची सळी पटकन मिळते आणि दिसतेही तशीच. पण नायलॉन पाणी पितं आणि फुगतं. मे महिन्यात नीट बसलेलं कडं जुलैत बसत नाही ते यामुळे. ॲसिटालला हा त्रास फार कमी.

२. कागद जमवा, मगच पाना हातात घ्या

प्रत्येक साधनाची एक फाइल असते. नसेल तर आधी ती उघडा. तिच्यात हे असायला हवं:

- शेवटच्या सुधारणेसह ड्रॉइंग (सुधारणेचं अक्षर साधनावर कोरलेल्या अक्षराशी जुळवा)
- सुट्या भागांची यादी. बोल्टची संख्या, आकार, ग्रेड आणि टॉर्कसह
- मालाचं प्रमाणपत्र आणि वेल्डिंगची नोंद
- भार-चाचणीचा शेवटचा दाखला
- लोडसेल, टॉर्क रेंच (ठरावीक जोराने बोल्ट आवळणारा पाना) आणि गेज यांचे कॅलिब्रेशन दाखले (माप बरोबर असल्याचे), एनएबीएल या प्रयोगशाळा-मान्यता मंडळाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचे
- वापराचं लॉगबुक: कुठे गेलं, किती वेळा उचललं, काय काढलं, काय बसवलं

सगळ्यात महत्त्वाचं लॉगबुक, आणि सगळ्यात रिकामं तेच असतं. ते का भरायचं, हे ६ सप्टेंबर २००३ च्या एका अपघाताने दाखवलं. कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल इथे नोआ-एन प्राइम हा हवामान उपग्रह फिरवण्याच्या गाडीवर आडवा केला जात होता. गाडीवरच्या अडॅप्टर प्लेटचे २४ बोल्ट आधीच कुणीतरी काढून नेले होते. त्याची नोंद नव्हती, आणि काम सुरू करण्यापूर्वी बोल्ट आहेत का हे प्रत्यक्ष कुणी पाहिलं नाही. उपग्रह जमिनीवर पडला. दुरुस्तीला साडेतेरा कोटी डॉलर लागले आणि तो फेब्रुवारी २००९ मध्ये अवकाशात गेला. गाडी मोडली नव्हती, वेल्ड सुटला नव्हता. कागद आणि लोखंड जुळत नव्हतं, एवढंच.

म्हणून बोल्ट काढलात की त्याच मिनिटाला लिहा, आणि भोकावर लाल टॅग बांधा. 'संध्याकाळी एकदम लिहू' चालत नाही.

कायद्याचा भाग थोडक्यात. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम २९ ने उचल-साहित्याची सक्षम व्यक्तीकडून १२ महिन्यांतून किमान एकदा सखोल तपासणी घालून दिली, आणि वर्कशॉपचं वेळापत्रक अजून त्याच घडीवर चालतं. नव्या कामगार संहितेनंतर दाखल्याचा नमुना कोणता, हे पणजीत आल्तिनोवरच्या कारखाने व बाष्पके निरीक्षणालयात विचारून घ्या. जुना छापील फॉर्म भरून ठेवू नका.

३. परत आलेलं साधन थेट आत घेऊ नका

ट्रकमधून उतरलेल्या साधनाला पहिली जागा शॉपबाहेरची शेड. इंजिनाजवळ वापरलेल्या साधनावर इंधनाचा अंश असू शकतो. उपग्रहांत मोनोमिथाइल हायड्राझिन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड वापरतात. हायड्राझिन जातीची इंधनं विषारी असतात, आणि त्यांचा मासळीसारखा वास नाकाला येतो तोवर सुरक्षित मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते. म्हणजे 'वास येत नाही, म्हणजे ठीक आहे' ही तपासणी नव्हे.

पाठवणाऱ्याकडून निर्विषीकरणाचा दाखला आलेला असेल तरच वेष्टन उघडा. नसेल तर साधन शेडमध्येच टॅग लावून ठेवा, फोन करा, दाखला मागवा. कुणी कितीही घाई केली तरी.

वेष्टन उघडल्यावर फोटो काढा: चारही बाजू, खालून, आणि प्रत्येक पाटीचा जवळून. पुढे वाद झाला तर हाच पुरावा.

४. धुणं-पुसणं

गोव्यात स्वच्छतेचा अर्थ आधी मीठ काढणं. किनाऱ्यापासून काही किलोमीटर आतही वाऱ्यासोबत आलेलं मीठ पृष्ठभागावर बसतं. ते हवेतला ओलावा ओढतं आणि ॲल्युमिनियमच्या चौकटीत पोलादी बोल्ट असेल तिथे दोन धातूंमध्ये छोटी बॅटरीच तयार होते. बोल्टच्या डोक्याभोवती पांढरी पावडर दिसली तर ती धूळ नाही, ॲल्युमिनियम खाल्ला गेल्याची खूण आहे.

क्रम असा ठेवा. पहिल्यांदा कोरड्या ब्रशने धूळ काढा. मग डीआयॉनाइज्ड (क्षार काढलेल्या) पाण्यात भिजवून पिळलेल्या कापडाने पुसा. बोअरवेलचं पाणी नको, किनारपट्टीत ते मचूळ असू शकतं आणि मीठ काढायच्या नादात तुम्ही मीठच लावाल. नळाच्या पाण्यातही क्लोरीन असतं. त्यानंतर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सोडणारं पॉलिस्टर कापड. एका दिशेने पुसा, कापडाची घडी बदला, पुन्हा पुसा. गोल गोल घासलं तर मळ फक्त जागा बदलतो.

हे करू नका:

गाड्या धुवायचा प्रेशर जेट मारू नका. बेअरिंगमध्ये पाणी घुसतं आणि महिन्याभराने चाक करकरतं.

ट्रायक्लोरोइथिलीनसारखी क्लोरीनवाली द्रावणं टायटॅनियमला टेकणाऱ्या भागांवर वापरू नका. मागे राहिलेलं क्लोराइड ताणाखालच्या टायटॅनियमला भेगा पाडू शकतं.

सिलिकॉन स्प्रे क्लीनरूममध्ये (धूळ रोखलेल्या खोलीत) जाणाऱ्या कुठल्याही वस्तूजवळ आणू नका. सिलिकॉनचा थर पसरत जातो आणि नंतर त्यावर गोंद किंवा रंग धरत नाही. तो निळा-पिवळा डबा, ज्याने घरचं फाटकही सुटतं नि सायकलची साखळीही, तोसुद्धा इथे नको. तो वंगण म्हणून टिकत नाही आणि मागे तेलकट पापुद्रा सोडतो.

ग्रीस ड्रॉइंगमध्ये लिहिलेलंच, बहुधा परफ्लुरोपॉलिइथर जातीचं. त्याची ट्यूब महाग असते म्हणून नेहमीच्या ग्रीसवरच थोडं लावून भागवायचा मोह होतो. ही दोन ग्रीसं एकमेकांत मिसळत नाहीत. जुनं पूर्ण काढा, धातू उघडा दिसू द्या, मग नवं अगदी पातळ लावा.

५. डोळ्यांनी आणि नखाने तपासणी

हे काम सकाळी करा, टॉर्च तिरपी धरून. सरळ प्रकाशात ओरखडा दिसत नाही, तिरप्या प्रकाशात त्याची सावली पडते.

वायर रोप स्लिंग: कापडी हातमोजा घालून रोपवरून हात हळू फिरवा, तुटलेली तार मोज्यात अडकते. एका पेडाचा एक पूर्ण वळसा म्हणजे एक 'ले'. एका ले-मध्ये १० तारा तुटलेल्या, किंवा एकाच पेडात ५ तुटलेल्या आढळल्या की स्लिंग बाद. पीळ पडून कायमचा वाकलेला, पिंजऱ्यासारखा फुगलेला किंवा गंजाने खड्डे पडलेला रोप तारा न मोजताच बाद.

पट्ट्याची स्लिंग: पाटी नसेल तर बाद, पट्टा कितीही नवा दिसत असो. आतला लाल धागा दिसायला लागला, कड कापली गेली, गाठ मारलेली आढळली, तरी बाद. उन्हात ठेवलेल्या पट्ट्याचा रंग उडतो आणि तो हाताला कडक लागतो, तोही नको. बाद झालेली स्लिंग तिथल्या तिथे कापून दोन तुकडे करा. भंगारात अख्खी टाकली तर ती दुपारपर्यंत कुणाच्या तरी टेम्पोवर बांधलेली दिसेल.

शॅकल: अंगावर उचलक्षमता कोरलेली हवी, आणि पिन त्याच शॅकलची हवी. हरवलेल्या पिनेच्या जागी साधा बोल्ट घातलेला शॅकल दिसला तर तो बाजूला काढा. बोल्टच्या आट्या काठावर येतात आणि तिथूनच तो तुटतो.

हुक: तोंडाचं माप नवीन असतानाच्या मापापेक्षा ५ टक्क्यांनी जास्त भरलं, झीज १० टक्क्यांवर गेली, किंवा हुकाला जराही पीळ दिसला, तर बाद. यासाठी नव्या हुकाचं माप फाइलमध्ये आधी लिहिलेलं असावं लागतं. बहुतेक जण इथेच अडकतात. म्हणून नवा हुक आला की त्याच दिवशी त्यावर पंचाने दोन खुणा मारा आणि त्यांच्यातलं अंतर लिहून ठेवा.

बॉल-लॉक पिन: बटण दाबा, गोळ्या आत जातात का पाहा. सोडा, दोन्ही गोळ्या पूर्ण बाहेर येतात का पाहा. मग पिन भोकात घालून ओढा. मिठाने गोळी अर्ध्यावर अडकलेली पिन आत जाते, 'टिक' आवाजही करते, पण धरत नाही.

आट्या: थ्रेड गेज लावा. 'गो' बाजू बोटांनी पूर्ण जायला हवी, 'नो-गो' दोन फेऱ्यांच्या आत अडायला हवी. ॲल्युमिनियममध्ये बसवलेली तारेची इन्सर्ट वर सरकलेली असेल तर टॅप मारून काम भागवू नका; इन्सर्ट काढून नवी घाला.

बोल्टबद्दल थोडं जास्त. १२.९ ग्रेडचा (खूप जास्त ताकदीचा) बोल्ट गंजलेला दिसला म्हणून तो जवळच्या प्लेटिंगवाल्याकडून झिंक करून आणणं ही नेहमीची चूक आहे. प्लेटिंगआधी ॲसिडमध्ये बुडवताना हायड्रोजन पोलादात शिरतो. बोल्ट आवळला जातो, टॉर्कही बरोबर येतो, आणि काही तासांनी किंवा दिवसांनी, कुणी हातही न लावता, त्याचं डोकं उडतं. प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत १९० ते २२० अंश सेल्सिअसला भट्टीत ठेवून हायड्रोजन काढावा लागतो, आणि त्याची नोंद लागते. ते जमत नसेल तर दाखल्यासह नवा बोल्ट घ्या. कॅडमियम मुलाम्याचा बोल्ट टायटॅनियमला टेकेल अशा जागी मुळीच नको. कॅडमियममुळे टायटॅनियम ठिसूळ होतं.

६. वेल्डमधल्या भेगा: डाय पेनिट्रंट (भेगेत शिरणारा रंग)

उचलदांडीचे कान आणि कड्याचे वेल्ड वर्षातून एकदा, आणि प्रत्येक भार-चाचणीनंतर, तपासा. रंग पूर्ण काढून. रंगाखालची भेग या चाचणीत दिसत नाही. रंग काढायला ग्राइंडर लावलात तर धातूचा पातळ थर भेगेच्या तोंडावर फासला जातो आणि भेग लपते. रासायनिक रिमूव्हर वापरा.

पृष्ठभाग साफ करून कोरडा करा. लाल पेनिट्रंट लावा, किमान १० मिनिटं ठेवा. मग कापडाने पुसा. शेवटचा हात क्लीनर शिंपडलेल्या कापडाने. क्लीनर थेट वेल्डवर फवारला तर तो भेगेतला रंगही धुऊन नेतो, आणि नव्या माणसाच्या हातून सगळ्यात जास्त वेळा हेच होतं. पांढऱ्या डेव्हलपरचा पातळ थर द्या आणि १० मिनिटांनी पाहा. भेग सरळ किंवा नागमोडी लाल रेघ म्हणून उमटते, वेल्डमधलं छिद्र ठिपका म्हणून. रेघ दिसली तर साधन बाजूला आणि लाल टॅग. दुरुस्तीचा निर्णय वेल्डरचा नाही, तुमचाही नाही. तो ड्रॉइंगवर सही करणाऱ्या अभियंत्याचा.

स्टेनलेस नि टायटॅनियमसाठी क्लोरीन आणि गंधक कमी असलेलं पेनिट्रंट लागतं. डब्यावर तसं छापलेलं पाहून घ्या. पावसाळ्यात ओल्या भिंतीलगत ही चाचणी करू नका. भेगेत आधीच पाणी असेल तर रंग आत जाणार कुठे?

७. ट्रॉली: चाकं, स्क्रू आणि हायड्रॉलिक

पॉलियुरेथेनची चाकं गोव्यात लवकर जातात. पॉलिस्टर जातीचं पॉलियुरेथेन दमट हवेत पाण्याशी रासायनिक क्रिया करून तुटतं. चाक वापरलं नसलं तरी तीन-चार पावसाळ्यांत नखाने त्याचे तुकडे पडू लागतात. नवीन मागवताना पॉलिइथर जात लिहून मागवा. ती बरीच जास्त टिकते. नख रुतून खूण राहिली की चाक बदला, आणि चारही एकदम बदला. तीन जुनी नि एक नवं लावलंत तर ट्रॉली तिरकी होते.

आडव्या स्क्रूची ढिलाई डायल गेजने मोजा. हँडव्हील एका दिशेने फिरवून डायल शून्य करा, मग उलट फिरवा. डायलचा काटा हलण्यापूर्वी हँडव्हील जितकं रिकामं फिरलं तितकी ढिलाई. ड्रॉइंगमधल्या मर्यादेशी ताडा आणि आकडा लिहा. दरवर्षीचे आकडे एका ओळीत दिसले की नट कधी बदलायचा हे आपोआप कळतं.

हायड्रॉलिक जॅकची खरी परीक्षा तो वर जातो का ही नसून वर जाऊन तिथेच राहतो का ही आहे. ठरलेला भार ठेवा, उंचीवर नेऊन डायल लावा, १० मिनिटं थांबा. उतरला तर सील किंवा व्हॉल्व. तेलाचा नमुना काचेच्या बाटलीत घ्या. दुधाळ दिसलं तर त्यात पाणी आहे आणि ते तेल पूर्ण बदलायचं. पाणी बहुधा टाकीच्या श्वसन-झाकणातून येतं. त्यात सिलिका जेल असतं, निळ्याचं गुलाबी झालं की संपलं. काही जातींत नारिंगीचं हिरवं होतं. जूनमध्ये भरलेलं जेल ऑगस्टपर्यंत टिकेल असं गृहीत धरू नका, दर सोमवारी पाहा. गळती ही इथे फक्त सांडलेलं तेल नसते. क्लीनरूममध्ये इंजिनाखाली तेलाचा एक थेंब पडला तरी सगळं काम थांबतं.

ट्रॉलीच्या चौकटीला अर्थिंगची पट्टी असते. तिच्या दोन्ही टोकांखालचा रंग खरवडून धातू उघडा ठेवलेला असतो. रंगवताना तोही रंगवला की जोड तुटतो. नव्याने रंग दिल्यावर मल्टिमीटर लावून खात्री करा.

८. भार-चाचणी

उचलदांडीसाठी बहुतेक ड्रॉइंगमध्ये ठरलेल्या भाराच्या १२५ टक्के चाचणी असते. ६०० किलोची दांडी असेल तर ७५० किलो. सुट्या स्लिंग नि शॅकलची चाचणी वेगळी असते, निर्मात्याच्या दाखल्यानुसार. ती दांडीच्या चाचणीत उरकू नका.

वजनं लोडसेलवर मोजून घ्या, अंदाजाने नको. दांडीच्या मध्यावर डायल लावून वाक मोजा: भाराआधी, भार असताना, उतरवल्यावर. भार जमिनीपासून १०० ते १५० मिमी उचला, त्याहून वर नाही, आणि १० मिनिटं धरा. भार उतरवल्यावर काटा मूळ जागी यायला हवा. नाही आला तर दांडी कायमची वाकली आहे, मग डोळ्यांना ती सरळ दिसली तरी.

स्लिंगच्या कोनाचा हिशेब तोंडपाठ ठेवा, कारण क्रेनखाली उभं राहिल्यावर कुणी कॅल्क्युलेटर काढत नाही. दोन पायांच्या स्लिंगने ६०० किलो उचलताना पाय जमिनीशी ६० अंशांत असतील तर प्रत्येक पायावर सुमारे ३४६ किलो येतात, ४५ अंशांत ४२४, आणि ३० अंशांत पूर्ण ६००. छप्पर बुटकं म्हणून आखूड स्लिंग लावली की कोन पडतो आणि भार दुप्पट होत जातो. साध्या आयबोल्टला तिरपा ओढ दिला तर त्याची ताकद कितीतरी घटते. तिरप्या उचलीसाठी फिरती उचल-कडीच वापरा.

वीज जाण्याचाही विचार करा. जूनमधल्या पहिल्या वादळी पावसात औद्योगिक वसाहतींत वीज सारखी ये-जा करते. वीज गेल्यावर क्रेनचा ब्रेक आपोआप लागतो, भार पडत नाही, पण हवेत लटकत राहतो. चाचणीआधी रिकाम्या क्रेनचा ब्रेक तपासा, आणि भार हाताने उतरवता येईल अशी चेन पुली तयार ठेवा. आभाळ भरून आलं असेल तर चाचणी पुढे ढकला.

९. कॅलिब्रेशन

टॉर्क रेंच १२ महिने किंवा ५००० वेळा, जे आधी येईल तेव्हा कॅलिब्रेशनला. काम संपल्यावर त्याची सेटिंग सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवा. ताणलेली स्प्रिंग आठवडाभर तशीच राहिली की बिघडते. रेंचने बोल्ट सोडवू नका, त्यासाठी साधा पाना आहे. लोडसेल प्रत्येक वापराआधी रिकामा लटकवून शून्य पाहा. शून्य सरकलेलं असेल तर बटण दाबून शून्यावर आणण्यापूर्वी किती सरकलं ते लिहा. दर वेळी थोडं थोडं सरकत असेल तर आत काहीतरी बिघडलं आहे.

१०. पावसाळ्यात ठेवायचं कसं

जून ते सप्टेंबर इथल्या हवेत इतकं पाणी असतं की उघडं पोलाद एका रात्रीत तपकिरी होतं. साधारण ६० टक्के आर्द्रतेच्या वर गंज वेग घेतो, म्हणून स्टोअरमध्ये डीह्युमिडिफायर लावून ५० च्या खाली ठेवा. त्याची पाण्याची टाकी भरली की यंत्र गुपचूप बंद पडतं. नळी थेट बाहेर सोडा.

लहान भाग गंजरोधक व्हीसीआय पिशवीत, तोंड सील करून. पिशवीत भाग कोरडा करूनच घाला, हातमोजा घालून. उघड्या बोटाचा ठसा आठ दिवसांनी गंजाच्या रूपात दिसतो. स्टेनलेस आहे म्हणून निश्चिंत राहू नका. ३०४ जातीच्या स्टेनलेसवर समुद्राच्या हवेत चहाचे डाग पडल्यासारखे दिसतात, ३१६ जास्त दम धरतं.

चवथीच्या सुट्टीआधीचा दिवस खास. शॉप काही दिवस बंद राहतं, वीज कधी जाईल सांगता येत नाही. जॅक खाली उतरवा, क्रेनवर काही लटकतं ठेवू नका, सिलिका जेल बदला, आर्द्रतेचा आकडा लिहा. सुट्टीनंतर पहिलं काम तो आकडा पुन्हा पाहणं.

११. रवानगी

पाठवण्याआधी इंजिनाऐवजी डमी फ्लँज लावून पूर्ण जोडणी करून पाहा: पिना शिरतात का, कडं फिरतं का, सगळे बोल्ट बोटांनी लागतात का. बोल्ट मोजा आणि यादीशी ताडा. एक जण मोजेल, दुसरा लिहील. टूलबॉक्समधली अवजारं छायाफलकावर (प्रत्येक अवजाराची आकृती काढलेल्या फळीवर) परत लागली आहेत का ते पाहा, कारण हरवलेला सॉकेट बऱ्याचदा चौकटीच्या पोकळ नळीत सापडतो.

बेंगळुरूकडे जाणारा ट्रक आनमोड किंवा चोर्ला घाट चढतो. वळणं आणि खड्डे साधनाला किती झटके देतात हे नोंदवणारा शॉक लॉगर पेटीत ठेवा आणि सुरू केल्याची वेळ लिहा. ट्रॉलीची चाकं जमिनीला टेकवून बांधू नका. चौकट लाकडी ठोकळ्यांवर उचला, म्हणजे झटके बेअरिंगवर येणार नाहीत. लोडसेल आणि टॉर्क रेंच वेगळ्या पेटीत, फोममध्ये. फाइलची एक प्रत पेटीत, एक तुमच्याकडे.

पेटीचं झाकण लावण्याआधी शेवटचा फोटो काढा, पिनांना बांधलेल्या लाल फितींसह. त्या फितींची संख्याही लॉगबुकात लिहा. तिकडे पेटी उघडणारा माणूस आधी तीच मोजणार आहे.